पाहुणा सुटतो, घरचा अडकतो

(बी. ए. भाग २)

प्रवासाने माणूस शहाणा होतो, हे वाक्य मी सातवीपासून बारावीपर्यंत दरवर्षी निबंधात लिहिले. 'माझा अविस्मरणीय प्रवास' हा विषय परीक्षेत हटकून येई. त्या सगळ्या वर्षांत माझा प्रवास म्हणजे चैत्रात जोतिबा, उन्हाळ्यात मामाचे गाव आणि एकदा कोल्हापूरला आजीला घेऊन दवाखाना. तरीही निबंधाला गुण चांगले पडत. प्रवास न करताही प्रवासाचे वर्णन करता येते, हे त्यामुळे फार लवकर कळले.

या वर्षी मात्र कॉलेजची सहल गोव्याला गेली आणि मी आयुष्यात प्रथमच राज्याची हद्द ओलांडली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. सहलीची वर्गणी वडिलांनी दुधाच्या बिलातून काढून दिली. नोटा दोनदा मोजल्या आणि एवढेच म्हणाले, "जा. पण तुझ्यापायी दुसऱ्याला तरास हुईल असं काय करू नको." हा शब्द पुढे मला फार जड गेला. तो कसा, ते शेवटी सांगतो. मध्ये जे सांगायचे आहे ते सांगितल्याशिवाय त्याचे वजन कळणार नाही.

गाडी पहाटे कोडोलीहून निघाली. कोल्हापूर, आजरा, आंबोली असा रस्ता. घाट उतरेपर्यंत गाणी झाली, भेंड्या झाल्या, एकदोघांना उलट्याही झाल्या. मग मागच्या बाकावर एकाने मोबाईलवर एका परदेशी प्रवाशाची चित्रफीत लावली. हा गृहस्थ जगातल्या अशा देशांत फिरतो, जिथे सरकारविरुद्ध बोलणे म्हणजे गुन्हा. बरोबर दिलेल्या सरकारी वाटाड्याला चुकवून तो गल्लीबोळात शिरतो, मनाई असलेल्या ठिकाणी कॅमेरा चालवतो, शिपाई आला की पळतो, आणि हॉटेलात परतल्यावर धापा टाकत सगळे हसून सांगतो. आम्हीही पोट धरून हसलो. मीही हसलो. 'काय डेअरिंग आहे राव!' असे मीच मोठ्याने म्हणालो.

आज या लेखात माझे म्हणणे असे आहे की ते हसणे चुकीचे होते. जुलमी राजवटीच्या देशात गेलेल्या पाहुण्याचे साहस आपण त्याच्या तोंडून ऐकतो, कारण तो सुटून आलेला असतो. ज्यांच्या दारात ते साहस घडले, ती माणसे तिथेच मागे राहतात आणि बहुधा हिशेब त्यांनाच चुकवावा लागतो. म्हणून अशा प्रवासाची किंमत ठरवताना प्रवाशाला काय झाले एवढे पाहून भागत नाही. त्याच्या यजमानाला काय झाले, हेही विचारले पाहिजे.

मित्रहो, हा विचार मला पुस्तकात सापडला नाही. तो त्याच सहलीत, मडगावच्या मैदानात सापडला.

बांदा सोडले की पत्रादेवी लागते. तिथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. गाडी थांबवून इतिहासाच्या सरांनी आम्हाला खाली उतरवले. निम्म्या मुलांनी फोटो काढले, निम्मी चहाच्या शोधात गेली. सरांनी उरलेल्या दहाबारा जणांना सांगितले, की आज जिथून आपली गाडी कुणालाही न विचारता पुढे जाते आहे, तिथे १९६१ पर्यंत परक्या देशाची सीमा होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याची हद्द ओलांडत होते. त्यांच्यावर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. आमच्या कोल्हापूरहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर एका हुकूमशहाचा अंमल होता, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. पोर्तुगालमध्ये १९३२ पासून सालाझारची सत्ता होती. सभा घ्यायची तर परवानगी, छापायचे तर परवानगी. लग्नाच्या पत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सरकारी नजरेखालून घालाव्या लागत, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी मडगावला लोहिया मैदान पाहिले. मला वाटले होते, मोठे क्रीडांगण असेल. ते गावाच्या मध्यावरचे एक साधेसे मैदान आहे. पण त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे, आणि आमच्या बसमधल्या चित्रफितीशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

डॉ. राममनोहर लोहिया १९४६ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या तुरुंगातून सुटले. लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला होता, प्रकृती ढासळली होती. बर्लिनमध्ये शिकत असतानाचे त्यांचे मित्र डॉ. ज्युलिआंव मिनेझिस यांनी त्यांना आपल्या असोळणे गावी विश्रांतीसाठी बोलावले. म्हणजे लोहिया गोव्यात जूनमध्ये आले ते पाहुणे म्हणून, हवापालटासाठी. आजच्या भाषेत पर्यटक म्हणून, असे म्हटले तरी चालेल. पण ते आल्याची बातमी पसरली आणि लोक भेटायला येऊ लागले. आपल्याला चार माणसांत बोलण्याचीही मुभा नाही, हे त्यांनी लोहियांना सांगितले. मग सभाबंदी मोडायची असे ठरले. १८ जून १९४६ ला मडगावात सभा जाहीर झाली. टॅक्सीवाले पोलिसांच्या धाकाने त्यांना न्यायला तयार झाले नाहीत, म्हणून लोहिया आणि मिनेझिस घोडागाडीतून आले, अशी त्या दिवसाची हकिकत सांगितली जाते. लोक हजारोंनी जमले होते. पोर्तुगीज अधिकारी पिस्तूल घेऊन आडवा आला, तेव्हा लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. दोघांनाही अटक झाली. गोव्यात तो दिवस आजही क्रांतिदिन म्हणून पाळतात.

एवढी हकिकत बहुतेकांना थोडीफार माहीत असते. मला पुढचे जास्त महत्त्वाचे वाटते. लोहियांना पोर्तुगिजांनी लवकरच सोडले आणि हद्दीबाहेर घालवले. सप्टेंबरअखेर ते हट्टाने पुन्हा आले, पुन्हा पकडले गेले, काही दिवस आग्वादच्या किल्ल्यात ठेवले गेले आणि पुन्हा बाहेर काढले गेले. आता गोव्याच्या घरच्या माणसांकडे पाहू. टी. बी. कुन्हा हे गोव्यातील राष्ट्रीय चळवळीचे जुने नेते. १९२८ पासून त्यांनी गोवा काँग्रेस समितीचे काम चालवले होते. त्यांना त्याच वर्षी जुलैमध्ये पकडले, लष्करी न्यायालयापुढे उभे केले, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि समुद्रापलीकडे पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही तीच वाट दाखवली. कुन्हा पुढे तिकडून निसटून मुंबईला आले, पण १९५८ साली मुंबईतच वारले. गोवा मुक्त झालेला त्यांनी पाहिला नाही.

गुन्हा एकच होता. पाहुण्याला काही दिवसांची कैद आणि हद्दपारी, घरच्याला आठ वर्षे.

असे का होते? सर म्हणाले, विचार करा. मी परतीच्या वाटेवर आणि नंतर ग्रंथालयात बसून विचार केला. मला वाटते, कारण अगदी व्यवहारी आहे. पाहुण्याच्या मागे कुणीतरी विचारणारे असते. त्याचे सरकार असते, वकिलात असते, वर्तमानपत्रे असतात. त्याला डांबून ठेवले की गवगवा होतो आणि हाकलून दिले की प्रश्न मिटतो. घरच्या माणसाला हाकलणार कुठे? त्याचा देश तोच, त्याचे घर तेच. त्याच्या वतीने विचारणारे जे कुणी असतील, तेही त्याच हद्दीत असतात आणि त्यांनाही तेच भय असते. शिवाय राज्यकर्त्याला धाक बसवायचा असतो तो घरच्यांना. पाहुण्याला शिक्षा करून शेजारी घाबरत नाहीत. शेजारच्या कुन्हांना आठ वर्षे दिली की सगळी आळी घाबरते.

या नियमाला उलटा पुरावा वाटावा असा एक माणूस आमच्या शेजारच्या सांगलीचा आहे. मोहन रानडे. ते गोव्यात गेले मराठीचे शिक्षक म्हणून, सावई-वेरे गावी. पण ते परतले नाहीत, तिथलेच होऊन राहिले आणि सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५ साली पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. त्यांनाही पोर्तुगालला नेले. त्याच सुमारास सत्याग्रहात गेलेले ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये यांनाही लांबलांबच्या शिक्षा झाल्या होत्या, पण १९५७ मध्ये ते सुटून परत आले. रानडे सुटले ते १९६९ च्या जानेवारीत! गोवा मुक्त होऊनही सात वर्षे उलटून गेली होती. सत्याग्रही निःशस्त्र होते आणि रानड्यांनी शस्त्र हाती घेतले होते, हा फरक मी विसरत नाही. त्यांचा मार्ग बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पण मला त्यात दिसते ते हे, की बाहेरचा माणूस जेव्हा खरोखर घरचा होतो, तेव्हा त्याला घरच्याचीच शिक्षा भोगावी लागते. पाहुणेपणाचे कवच तिथे गळून पडते.

आता कुणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. सालाझार गेला, किल्ले आता पाहायला जायचे ठिकाण झाले. म्हणून अलीकडची गोष्ट सांगतो.

मुंबईचा हमीद अन्सारी हा शिकलेला तरुण. इंटरनेटवरून ओळख झालेल्या मुलीसाठी तो नोव्हेंबर २०१२ मध्ये घरी नोकरीचे निमित्त सांगून काबूलला गेला आणि तिथून व्हिसा नसताना पाकिस्तानात, खैबर पख्तुनख्वा प्रांतातल्या कोहाट गावी पोचला. तिथे एका लॉजमधून त्याला उचलले. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तो जिवंत आहे की नाही, हे त्याच्या आईवडिलांना कुणी सांगितले नाही. जानेवारी २०१६ मध्ये पेशावरच्या उच्च न्यायालयात कबुली मिळाली, की तो लष्कराच्या ताब्यात आहे. पाकिस्तानात तेव्हा निवडून आलेले सरकार होते हे खरे. पण लष्करी न्यायालयाचे दार त्या सरकारच्या जनतेलाही बंद असते. हेरगिरी आणि खोटे ओळखपत्र या आरोपांवरून हमीदला तीन वर्षांची शिक्षा झाली. १८ डिसेंबर २०१८ ला तो वाघा-अटारीच्या सीमेवरून परत आला आणि त्याने जमिनीला कपाळ टेकले. प्रेमापायी एका मुलाने सहा वर्षे घालवली. मी एकोणीस वर्षांचा आहे, त्याला मूर्ख म्हणण्याची माझी छाती होत नाही.

परंतु या हकिकतीत आणखी एक नाव आहे, झीनत शहजादी. लाहोरची तरुण पत्रकार. हमीद तिचा कुणी नव्हता. त्याच्या आईची व्यथा तिला समजली आणि तिने त्या आईच्या वतीने पाकिस्तानात अर्ज केले, बेपत्ता माणसांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे ती गेली. हमीदचा शोध लागावा म्हणून तिने जे दार ठोठावले, त्या दाराआडच्यांना ते आवडले नसावे. १९ ऑगस्ट २०१५ ला ती लाहोरमध्ये रिक्षातून कामावर निघाली असता तिचे अपहरण झाले. दोन वर्षांहून अधिक काळ तिचा पत्ता नव्हता. मार्च २०१६ मध्ये तिच्या धाकट्या भावाने तिची वाट पाहत आत्महत्या केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती सापडली.

हमीदने वाघ्याला जमिनीवर कपाळ टेकल्याचा फोटो आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेला होता. झीनतचे नाव विचारले, तर एकालाही सांगता आले नाही. मलाही दोन महिन्यांपूर्वी आले नसते.

माझ्या मित्राने हा लेख कच्चा असताना वाचला आणि एक अडचण काढली. तो म्हणाला, "तुझा नियम खोटा आहे. कित्येकदा पाहुणाच मरतो." त्याने ओटो वॉर्मबियरचे उदाहरण दिले आणि ते उदाहरण मला टाळता येत नाही. हा अमेरिकेचा विद्यार्थी, आमच्यासारखाच कॉलेजात शिकणारा. सहलीबरोबर उत्तर कोरियाला गेला. हॉटेलातले सरकारी घोषणेचे एक फलक चोरू पाहिल्याच्या आरोपावरून २ जानेवारी २०१६ रोजी विमानतळावर त्याला पकडले. शिक्षा पंधरा वर्षे सक्तमजुरीची. जून २०१७ मध्ये त्याला परत पाठवले तेव्हा तो बेशुद्ध होता, आणि १९ जूनला तो गेला. वय बावीस. ज्या वयात आमच्याकडे पोरे कट्ट्यावरचा बोर्ड उलटा करून ठेवतात आणि फार तर प्राचार्यांचे बोलणे खातात, त्या वयात एका आरोपापायी पोरगा मेला.

मित्राचे बरोबर आहे. पाहुणा नेहमीच सुटत नाही. कधी राज्यकर्त्याला तो पाहुणा सौद्यासाठी हवा असतो, आणि मग वकिलातही हतबल होते. पण या उदाहरणातही माझा प्रश्न उरतोच. त्या देशात पर्यटकाबरोबर सरकारी वाटाडे सतत असतात आणि पर्यटक काय करतो, याची जबाबदारी त्यांच्यावर असते. त्या वाटाड्याला, हॉटेलच्या त्या मजल्यावरच्या नोकराला त्या रात्री कुणी काय विचारले असेल? ओटोसाठी त्याचे आईबाप जगापुढे रडू शकले. त्या नोकराचे आईबाप कुणापुढे रडणार? आमच्या बसमधल्या चित्रफितीतला वाटाडा आठवा. पाहुणा गल्लीत पसार झाल्यावर तो भेदरून इकडेतिकडे धावत होता आणि आम्ही नेमके त्यालाच हसत होतो.

मग काय, अशा देशांत कुणी जाऊच नये? घरीच बसावे? असे मी म्हणत नाही. बाहेरचा कुणी आलाच नाही, तर बंद घरातला आवाज बाहेर येणार कसा? लोहिया असोळण्याला आलेच नसते, तर १८ जून उजाडला नसता. आपणही फार वर बसून बोलू नये. १९७५ ते १९७७ या काळात आपल्याच देशात वर्तमानपत्रे तपासून छापली जात होती आणि हजारो माणसे चौकशीविना तुरुंगात होती. तेव्हा बाहेरच्या कुणी आपल्याबद्दल विचारले, तर आपल्या माणसांना त्याचा आधारच वाटला असेल.

फरक दुसरीकडे आहे. लोहियांनी गोमंतकीयांना न विचारता काही केले नाही. लोक त्यांच्याकडे आले, बोलले, ठरले, आणि मग सगळे मिळून मैदानात गेले. यजमान मिनेझिस शेजारी घोडागाडीत बसलेले होते. किंमत पडणार हे त्यांना ठाऊक होते आणि ती द्यायला ते तयार होते. दुसरे असे, की हाकलून दिल्यावर लोहिया आपल्या साहसाच्या गोष्टी सांगत मुंबईत बसले नाहीत. मागे राहिलेल्यांसाठी तीन महिन्यांत परत आले. चित्रफितीतल्या पाहुण्याने वाटाड्याला विचारले नव्हते आणि परतल्यावर त्याचे काय झाले, तेही विचारले नाही. धाडस दोघांचेही म्हणता येईल; पण एकाने ते यजमानाबरोबर केले आणि दुसऱ्याने यजमानाच्या जिवावर.

आता वडिलांच्या शब्दाकडे येतो.

गोव्याहून परतताना रात्री आमची गाडी आपल्या हद्दीत तपासणीसाठी थांबवली गेली. दोन माणसे आत चढली. मागच्या बाकाखालच्या एका पिशवीत त्यांना दारूच्या दोन बाटल्या सापडल्या. परवान्याशिवाय ती आणता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. "कुणाच्या?" असे त्यांनी तीनदा विचारले. सर उठून उभे राहिले आणि त्यांनीही विचारले. गाडीत चाळीस जण होते, कुणी हूं की चूं केले नाही. बाटल्या माझ्या नव्हत्या. पण कुणाच्या होत्या ते मला माहीत होते. मी त्याच बाकावर बसलो होतो. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

शेवटी ड्रायव्हरमामांना खाली उतरवले. गाडी त्यांच्या ताब्यात, म्हणून माल त्यांचा. त्यांचा परवाना काढून घेतला, पहाटेपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवले. सर त्यांच्याबरोबर बसले. आम्ही गाडीत झोपलो. झोप लागली, हे लिहायला मला लाज वाटते. उजाडल्यावर पैसे भरून सुटका झाली. ते पैसे मामांनी खिशातले दिले आणि दुसऱ्या दिवशीची त्यांची फेरी बुडाली म्हणून गाडीमालकाने त्यांची मजुरीही कापली.

आठवड्याने मामा मला कोडोलीच्या स्टँडवर भेटले. मी होऊन जवळ गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ दे. पोरगं माझं दहावीला हाय. गाडीत दारू घावली म्हून बापाला बसवून ठेवलं, हे त्याला शाळंत कुणीतरी सांगितलं. त्येला मी काय सांगू?" मला उत्तर आले नाही. नंतर आम्ही पाचसहा जणांनी वर्गणी काढून त्यांचे पैसे नेऊन दिले. त्यांनी मोजून खिशात घातले आणि "बरं" म्हणाले. बाटल्या कुणाच्या होत्या, ते ज्याचे त्याने सरांना जाऊन सांगितले आहे, म्हणून इथे नाव लिहिण्याचे कारण नाही. पण मी गप्प बसलो ते माझे मी लिहिणे भाग आहे.

ही लहान गोष्ट आहे, मला कबूल आहे. कुन्हांची आठ वर्षे आणि झीनतची ती दोन वर्षे यांच्याशी मामांच्या एका रात्रीची तुलना कुणी करू नये. उलट मला त्यातला फरकच सांगायचा आहे. आमच्या देशात ड्रायव्हर पहाटे सुटून घरी आला. त्याला कुणी गायब केले नाही. आम्हाला चूक सुधारायला आठवडा मिळाला, पैसे द्यायला, जाऊन तोंड दाखवायला वाट मिळाली. आमच्यातला एकजण त्या रात्री "माझ्या आहेत" असे म्हणाला असता, तर दंड भरून तोही घरी आला असता. एवढे स्वस्त असूनही आम्ही बोललो नाही! जिथे बोलण्याची किंमत पंधरा वर्षे आहे, तिथल्या माणसांकडून आम्ही काय अपेक्षा करायची? आणि जिथे चूक सुधारायला आठवडा सोडा, एक घटकाही मिळत नाही, तिथे जाऊन गंमत करणाऱ्याला 'डेअरिंगबाज' कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आमच्यापैकी काहीजण पुढे शिकायला, नोकरीला, फिरायला परदेशी जातील. आमच्या भागातली पोरे आजही आखातात कामाला जातात, आणि तिथेही राजांचेच राज्य आहे. प्रवासाने माणूस शहाणा होतो, हे वाक्य मला अजून खोटे वाटत नाही. फक्त निबंधात ते मी फार सोपे करून लिहीत होतो. जाणाऱ्याने निघण्यापूर्वी आपला परवाना आणि तिकीट तपासावे, तसे आपल्या चुकीबद्दल तिथे कुणाला धरतील, तेही एकदा तपासावे. आणि परत आलेल्याची गोष्ट ऐकताना आपण श्रोत्यांनी त्याला एवढे तरी विचारावे, की तुला ज्याने घरात घेतले होते, तो आता कुठे आहे?

पुढच्या वर्षीच्या सहलीला कोणती गाडी ठरते ते मला माहीत नाही. तेच मामा यावेत अशी माझी इच्छा आहे. सरांनी त्यांना विचारले आहे. मामांनी अजून हो म्हटलेले नाही.